‘दळण’: एका फझ पेडलवरच्या चित्राचं प्रकरण

मित्राने ॲल्युमिनियमचा एक कोरा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “यावर काहीतरी काढून दे. बारा नग करायचेत.” डबा हातात मावेल एवढा, आणि त्याच्या तोंडावर पेन्सिलने मारलेल्या पाच फुल्या. त्या फुल्यांकडे मी तेव्हाच नीट बघितलं असतं तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

तो दिवसा नोकरी करतो आणि रात्री गिटारची पेडल बनवतो. सुटे भाग बुधवार पेठेतून आणतो, तिथे न मिळालेले मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. आजवर त्याच्या डब्यांवर मार्कर पेनाने लिहिलेलं असायचं, फार तर एखादं लेबल चिकटवलेलं. या वेळी बारा वादकांनी आगाऊ पैसे दिले होते, त्यामुळे मार्करवर भागणार नव्हतं. मी ग्राफिक डिझायनर. रोजचं काम लग्नपत्रिका, मसाल्यांची पाकिटं, कधी एखाद्या नाटकाची जाहिरात. पेडलला माझा तोवर हात लागला नव्हता, पाय तर नाहीच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये जमिनीवर ठेवलेला, वादक चवड्याने दाबून चालू-बंद करतो तो डबा म्हणजे पेडल. त्यातली फझ ही जुनी जात. गिटारचा सिग्नल इतका फुगवायचा की त्याचे वरचे-खालचे माथे छाटले जातात आणि स्वच्छ सूर जाडाभरडा होऊन बाहेर पडतो. मित्राच्या सर्किटचं मूळ लंडनच्या आर्बिटर कंपनीने १९६६ मध्ये काढलेल्या ‘फझ फेस’मध्ये आहे. दोन ट्रान्झिस्टर, दोन नॉब, आणि मूठभर सुटे भाग. तो मूळ डबा गोल होता, माइकच्या स्टँडच्या बुडासारखा. वरचे दोन नॉब म्हणजे डोळे, आणि नावातच चेहरा. नॉब आणि चित्र वेगळे धरायचे नसतात, हे इतकं जुनं शहाणपण. मला ते काकूंनी, म्हणजे मित्राच्या आईने शिकवलं, पण ते पुढे येईल.

नाव आधी आलं

नावही काकूंमुळेच आलं. मित्र घरात पहिला नमुना वाजवून बघत होता तेव्हा स्वयंपाकघरातून त्याची आई ओरडली, “काय रे, गिरणी घातलीस का घरात?” त्यावरून आधी ‘जातं’ असं नाव ठरलं. दोन दिवसांत त्याच्या बँडमधल्या पोरांनी त्याची वाट लावली. “वायर काढली की जातं”, “लाइट गेली की जातं”, “पैसे पण जातं का?” नाव बदलून ‘दळण’ केलं. त्यावरही तेच ते दळण दळतो म्हणून टोमणे आलेच, पण ते वादकावर होते, पेडलवर नव्हते.

नाव ठरल्यावर बाकीचे शब्द आपोआप दाण्यासारखे ओघळले. फझ कमी-जास्त करणारा मोठा नॉब ‘भरड’. व्हॉल्यूमचा छोटा नॉब ‘आवाज’. आणि एक टॉगल, म्हणजे दोन्हीकडे झुकणारा खटका, त्याच्या एका बाजूला ‘जाड’, दुसरीकडे ‘बारीक’. हा टॉगल सिग्नलच्या दारातला कपॅसिटर बदलतो. २.२ मायक्रोफॅरड असला की खर्ज पूर्ण आत येतो आणि आवाज जाड होतो; ०.१ लावला की खर्ज बाहेरच अडतो आणि आवाज बारीक होतो. गिरणीवाला “जाड की बारीक?” विचारतो, अगदी तेच. शब्द आणि सर्किट इतकं तंतोतंत जुळण्याचं भाग्य मसाल्याच्या पाकिटावर कधी लाभलं नव्हतं.

सुरुवातीला मित्राला वारली चित्र हवं होतं. तारप्याभोवती गोल धरून नाचणारी माणसं, आणि मधे नॉब. मोह पडण्यासारखीच कल्पना, कारण आकार आयता गोल आहे. पण मी नाही म्हणाले. वारलीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्यामागे जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्या चित्रकारांचं आयुष्यभराचं काम आहे, आणि हवीच असेल तर पालघरच्या एखाद्या वारली चित्रकाराला पैसे देऊन काढून घ्यावी. मी पुण्यात बसून इंटरनेटवरच्या आकृत्या गिरवायच्या आणि त्याला ‘लोककला’ म्हणायचं, हे कपांवर आणि पिशव्यांवर पुरेसं झालेलं आहे.

पायाखालची बाई

पहिलं चित्र मी डब्याच्या मापाचा आयत घेऊन काढलं, जणू छोटं पोस्टरच. नऊवारीतली बाई जात्यापाशी बसलेली, एक पाय पुढे सोडलेला, हात खुंट्यावर, मागे पहाट. खाली ठळक अक्षरात ‘दळण’. मला ते फार आवडलं होतं. मित्रालाही आवडलं. कागदावर छापून, कापून, आम्ही ते डब्यावर ठेवलं आणि पेन्सिलच्या फुल्यांच्या जागी टोचून पाहिलं. मोठ्या नॉबने बाईचं डोकं खाल्लं. टॉगल पहाटेत आला, ते चाललं. फूटस्विच, म्हणजे पायाने दाबायचं बटण, बरोबर जात्यावर.

“जात्यावरच दाबायचं, मस्त आहे की,” मित्र म्हणाला.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कागद उचलून बघितला. “अगं, हे पायाने दाबायचं असतं ना?”

“हो काकू.”

“मग जात्याला पाय लावायचा? आणि त्या बाईच्या अंगावर बूट घेऊन उभं राहायचं?”

मित्र हसला. मी हसले नाही, कारण मला उत्तर सुचेना. लग्नघरात मुहूर्ताच्या वेळी ज्याची पूजा करायची, ज्यावर हळद दळायची, ते जातं मी चपलेखाली ठेवलं होतं. नाव त्याच्याही खाली. लहानपणी वहीला पाय लागला तर वही कपाळाला लावायला शिकलेली मी, आणि इथे तेरा-चौदा वर्षांच्या व्यवसायानंतर अक्षरं टाचेखाली मांडली होती. कुणी म्हणेल, एवढं काय त्यात, ॲल्युमिनियम आणि शाई तर आहे. असेल. पण ही वस्तू ज्यांच्या हातात जाणार होती त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरात एक काकू असणार, आणि चित्र काढणाऱ्याला वापराची जागा माहीत नसेल तर ते चित्र नुसतं चिकटवलेलं राहतं.

शिवाय काकूंचा आक्षेप व्यवहारालाही धरून होता. बूट जिथे पडतात, वाळू जिथे घासते, तिथेच मी सगळ्यात नाजूक रेषा ठेवल्या होत्या.

फुल्यांपासून पुन्हा

दुसऱ्या खेपेला मी चित्र काढलंच नाही. डब्याचं तोंड चौपट मोठं करून कागदावर मांडलं आणि त्यावर फक्त छिद्रं आणि छिद्रांवर बसणाऱ्या वस्तू काढल्या. इथे पहिली चूक हाती लागली. १२५बी म्हणून विकल्या जाणाऱ्या या डब्याचं माप साधारण १२२ × ६६ मिमी सांगतात, पण ओतीव डब्याच्या भिंती साच्यातून सुटाव्यात म्हणून किंचित उतरत्या असतात. सांगितलेलं माप बुडाचं. तोंड त्याहून लहान, आणि कडा गोलसर. वर्नियरने मोजल्यावर सपाट, खरोखर छापता येईल अशी जागा माझ्या फाइलपेक्षा चारही बाजूंनी आत सरकली.

दुसरी गोष्ट म्हणजे छिद्राचं माप आणि झाकल्या जाणाऱ्या जागेचं माप वेगळं असतं. फूटस्विचचं छिद्र १२ मिमीचं, पण त्याचा वॉशर धरला तर १८ मिमीचं वर्तुळ चित्रातून जातं. नॉब ज्याच्या दांड्यावर बसतो त्या पोटेन्शिओमीटरचं छिद्र अवघं ७ मिमी, पण त्यावर ३२ मिमीचा नॉब बसतो. टॉगलची दांडी दोन्हीकडे झुकते, तिच्या सावलीत अक्षर ठेवलं तर एका स्थितीत ते वाचताच येत नाही. आणि बोटं! दोन नॉबांच्या मध्ये बोट शिरायला सेंटिमीटरभर तरी मोकळं हवं, नाहीतर एक फिरवताना दुसरा फिरतो.

या सगळ्या वर्तुळांचा कागद बघत बसले तेव्हा उत्तर समोर होतं. जातं हाताने फिरवायचं असतं. नॉबही हाताने फिरवायचा असतो. मग मोठा नॉब हेच जातं.

त्यानंतर मांडणी भराभर बसली. ‘भरड’चा मोठा काळा नॉब डब्याच्या मध्याच्या थोडा वर, जात्याची वरची तळी म्हणून. मित्राने नॉबच्या कडेजवळ ३ मिमीचं छिद्र पाडून त्यात पितळेची सळई बसवली, तो खुंटा. आधी ती चार मिमी वर ठेवली होती, खऱ्या खुंट्यासारखी. सरावात तिच्यात वायर अडकली, तेव्हा घासून सपाट केली. आता तोच खुंटा नॉब कुठे आहे ते दाखवतो. नॉबभोवती दगडाची कड, तिच्यावर टाकीचे घाव. जुन्या जात्याला पाथरवटाकडून टाकी लावून घेतात तसे ठिपके, आणि त्यांतलेच अकरा मोठे ठिपके म्हणजे आकड्यांच्या खुणा.

बाई काढून टाकली. तिचे हात तेवढे ठेवले, बांगड्यांसकट, डावीकडून वर येणारे. पोटेन्शिओमीटर जात्यासारखा गरगर फिरत नाही, तो साधारण ३०० अंशांत संपतो, त्यामुळे हात नेमके कुठल्या जागी खुंट्याला धरतात हे ठरवावं लागलं. मी मित्राला विचारलं, “तुला हे पेडल कुठे ठेवलेलं सगळ्यात आवडतं?” त्याने नॉब घड्याळातल्या एकच्या जरा पुढे नेला. हात तिथे छापले. ज्याला काहीच कळत नाही त्याने खुंटा हातांपाशी नेऊन ठेवावा, बनवणाऱ्याची पसंती मिळते.

एलईडीची जागा ही माझी हौस. नेहमी ती फूटस्विचच्या जरा वर असते. मला ती सगळ्यात वर हवी होती, कारण दळण पहाटे असतं आणि पहाटे शुक्राची चांदणी असते. मित्र म्हणाला, वरच्या कडेला जॅक (वायरी खुपसायची छिद्रं) आहेत, आत जागा नाही. दोन दिवस आम्ही यावर भांडलो. शेवटी त्याने गिटारचे दोन्ही जॅक कडांना घेतले आणि वर फक्त वीजपुरवठ्याचं छिद्र ठेवलं. त्याला बोर्ड नव्याने आखावा लागला. चित्रासाठी सर्किट हललं, हे तो अजून चारचौघांत ऐकवतो. पण फायदा असा झाला की पाय एलईडीवर येत नाही, आणि पेडल चालू आहे का हे दाबतानाही दिसतं.

(आता जातं वरून दिसतं आणि आकाश समोरून. चित्रकलेच्या बाईंनी हे पास केलं नसतं. भिंतीवरच्या आपल्या जुन्या चित्रांत मात्र हे सर्रास चालतं.)

डब्याचा खालचा तिसरा भाग उरला, जिथे पाय पडतो. तिथे मी काही काढलं नाही.

निळा आणि फरशी

रंगाबद्दल वादक हळवे असतात, आणि त्याला कारण आहे. बॉस कंपनीची छोटी पेडल १९७७ मध्ये आली. १९७८ची त्यांची डिस्टॉर्शन केशरी, तिला आजही लोक रंगानेच ओळखतात. आयबानेझची ट्यूब स्क्रीमर हिरवी. मिनिॲपोलिसच्या झेड-व्हेक्सने तर डबे एकेक करून हाताने रंगवले. अंधाऱ्या स्टेजवर, दीड मीटर उंचीवरून खाली बघताना नाव वाचता येत नाही, रंग कळतो.

मला पहाटेचा गडद निळा हवा होता. डबा निळा, त्यावर पांढरी शाई. मित्राने काळ्या पेडलबोर्डवर निळा कागद ठेवून खोलीतला दिवा मालवला. पेडल नाहीसं झालं.

उलटं करायची कल्पना कोटिंगवाल्याकडे सुचली. भोसरी एमआयडीसीत आम्ही पावडर कोटिंगची चौकशी करायला गेलो होतो. चौदा डब्यांसाठी (बारा आणि दोन जादा) वेगळा निळा रंग लावायला तो नाखूश होता. रंग बदलायचा म्हणजे बूथ आणि गन साफ करायची. “ताई, ७०३५ घ्या, तो रोज चालू असतो,” तो म्हणाला. रॅल ७०३५ म्हणजे विजेच्या पॅनेलांना असतो तो फिकट राखाडी. तिथे रांगेत लटकलेली पॅनेलं बघताना मला आमच्या जुन्या वाड्यातली शहाबादी फरशी आठवली. डबा राखाडी ठेवायचा, आणि निळं आकाश त्यावर छापायचं.

या उलटापालटीने एकदम बरेच प्रश्न सुटले. गडद डब्यावर रंग छापायचा तर आधी पांढरा थर द्यावा लागतो, फिकट डब्यावर निळा सरळ बसतो. अक्षरं आणि ठिपके छापायचेच नाहीत, तिथली शाई सोडून द्यायची, म्हणजे आतली राखाडी दिसते. खालचा पायाचा भाग कोरा, तिथे भट्टीत १८०-२०० अंशांवर शिजलेलं पावडर कोटिंग उघडं, या सगळ्यात तेच टणक. आणि अंधारात तोच फिकट पट्टा चमकतो, पाय कुठे टाकायचा ते सांगतो.

काकूंना दाखवलं. “खाली काय आहे हे? पीठ नाही ना?”

“नाही काकू, फरशी.”

“मग ठीक आहे. फरशीवर पाय टाकतातच.”

अक्षरं

इंग्रजी पेडलवरची अक्षरं नॉबभोवती कमानीत लिहिलेली असतात. मीही ‘भरड’ कमानीत लिहून पाहिलं. रोमन अक्षरं सुटी असतात, प्रत्येक थोडं थोडं कलतं आणि कमान होते. देवनागरीला वरून शिरोरेषा जोडलेली. सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षर वेगळं फिरवतं आणि शिरोरेषेचे तुकडे करवतीच्या दात्यांसारखे उभे राहतात. हाताने वाकवलेली शिरोरेषा सुंदर दिसते, मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी अक्षरांना काय काय करायला लावलं ते आपण पाहिलंय. पण तीन मिमी उंचीच्या अक्षरावर ती कसरत दिसतही नाही. सगळे शब्द आडवे, सरळ ठेवले.

तरी ‘ळ’ने छळलंच. नावातला ‘ळ’ मोठा होता, पण पेडलच्या मागच्या पट्टीवर तेच नाव लहान टाकायचं होतं, आणि शाई थोडी पसरली की ‘ळ’ची दोन्ही पोटं भरून त्याचा गोळा होतो. ‘भ’ आणि ‘ड’चं तेच. सोडलेल्या जागेची अक्षरं असली की हा त्रास दुप्पट, कारण भोवतालची शाई आत सरकते आणि अक्षर रोडावतं. शाई छापून केलेली पाव मिमीची रेषा टिकली. शाई सोडून केलेली तेवढीच रेषा जागोजागी बुजली. शेवटी छोट्या अक्षरांची जाडी वाढवली, पोटं फुगवली, ‘बारीक’ची वेलांटी टॉगलच्या नटाखाली जात होती म्हणून अख्खा शब्द खाली ओढला. मोठं ‘दळण’ मी लिनोत, म्हणजे ठशासाठी कोरायच्या मऊ पट्टीत, कोरून काढलं, आणि आकाशही. लिनोच्या निहणीच्या खुणा आकाशात ठेवण्यामागे स्वार्थ होता, तो छपाईत कळेल.

सिग्नल कुठून आत आणि कुठून बाहेर, हे शब्दांत लिहिलं नाही. पेडलवर सिग्नल उजवीकडून येतो आणि डावीकडे जातो, वादकांना ती सवय असते. उजव्या कडेला ज्वारीचा एक दाणा, डाव्या कडेला भुरभुर ठिपके. विजेच्या छिद्रापाशी मात्र गंमत केली नाही. तिथे ‘९ व्होल्ट’ आणि मधली पिन ऋण असल्याची जगभर चालणारी खूण, जशीच्या तशी. चुकीचा अडॅप्टर लागला तर सर्किट जळू शकतं, आणि तिथे माझं चित्र कुणाच्या उपयोगाचं नाही.

छपाई

बारा नगांसाठी तीन रस्ते होते. पाण्यात भिजवून सरकवायचे डेकल, म्हणजे चिकटचित्रं, स्वस्त आणि घरी होणारे, पण त्यावर लाखेचे थर चढवावे लागतात, कड दिसते, आणि बुटाखाली किती टिकतील याची मला खात्री वाटेना. स्क्रीन प्रिंटिंग टिकाऊ. शंभर नग असते तर तेच केलं असतं. पण लिनोच्या बारीक खुणा जाळीत धरायच्या आणि बारा डब्यांसाठी फ्रेम बनवायची, हे परवडत नव्हतं. म्हणून यूव्ही फ्लॅटबेड: सपाट वस्तूवर थेट छापणारं यंत्र, शाई अतिनील प्रकाशाने तिथल्या तिथे घट्ट होते.

त्याआधी कागदी नमुना दोन आठवडे सरावात वापरला. पहिला कागद डब्यावर बसेना, छिद्रं सगळी आत सरकलेली. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की प्रिंटरने ‘पानात बसवा’ म्हणून सगळं थोडं लहान केलं होतं. आता मी प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात ५० मिमीची रेघ टाकते आणि छापल्यावर पट्टीने मोजते.

क्रमही ठरलेला असतो: आधी छिद्रं, मग कोटिंग, मग छपाई, शेवटी भाग बसवायचे. कोटिंगनंतर ड्रिल मारलं तर कडेचा रंग टवका होऊन उडतो. पण आधी मारलेलं छिद्र कोटिंगने लहान होतं. थर ६०-८० मायक्रॉनचा, दोन्ही बाजूंनी धरला की छिद्र दशांश मिमीपेक्षा जास्त आवळतं. फूटस्विच शिरेनात. मित्राने छिद्रं कानशीने साफ केली, शिव्या देत.

छापखान्यात मी फाइल दिली ती सगळी अक्षरं आकृत्यांत बदलून. नाहीतर तिथल्या संगणकावर माझा फॉन्ट नसतो, आणि वेलांट्या कुठेही उडी मारतात.

पहिले दोन डबे वाया गेले. छापणाऱ्याने डबे यंत्रावर कडेला कड लावून ठेवले होते, जे कागदाच्या कामात बरोबर आहे. पण ओतीव डब्याची कड भरवशाची नाही आणि मित्राची छिद्रंही हाताने पाडलेली. जात्याची कड नॉबच्या मध्यापासून दीड मिमी सरकली. दीड मिमी ऐकायला काही नाही, पण दोन वर्तुळं एकात एक बसवलेली असली की डोळा लगेच पकडतो. जातं कलंडलेलं दिसत होतं. उपाय असा निघाला: ॲक्रिलिकची पट्टी लेझरने कापून तिच्यावर दोन खुंट्या बसवल्या, एक १२ मिमीच्या छिद्रात जाणारी, एक ७ मिमीच्या. डबा कडेवर न टेकवता छिद्रांवर टांगायचा. फाइलही त्या दोन छिद्रांच्या मध्यांपासून मोजायची. शिवाय कड नॉबपासून जरा लांब नेली, म्हणजे अर्धा मिमी इकडेतिकडे झालं तरी बोंब नाही. आकाश डब्याच्या कडेपर्यंत न नेता दोन मिमी आत थांबवलं, कारण गोलसर कडेवर शाईचे फवारे धुरकट पडतात.

मोठ्या सपाट रंगात या यंत्राच्या आडव्या पट्ट्या दिसतात. त्या लिनोच्या खुणांत लपल्या. तो माझा स्वार्थ.

चिकटतंय का हे बघायला वाया गेलेल्या एका डब्यावर ब्लेडने चौकडी कापली, चिकटपट्टी दाबून ओढली. शाईचे कपचे पट्टीबरोबर आले. कोटिंगवर हातांचं तेल होतं. उरलेले बारा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, हातमोजे घालून दिले, मग पट्टी कोरी निघाली.

एवढं करून पहिलं तयार पेडल वाजवलं तर घोंघावत होतं. दोष चित्राचा नव्हता, पण रंगाचा होता. धातूचा डबा सर्किटला बाहेरच्या गोंगाटापासून वाचवतो, त्यासाठी तो ग्राउंडला जोडलेला लागतो, आणि आतल्या बाजूला उडालेल्या पावडरने जॅक आणि डबा यांच्यात पडदा घातला होता. जॅकच्या नटाखालचा रंग आतून खरवडला आणि गोंगाट गेला.

त्यानंतर

झाकणाच्या आतल्या बाजूला नग क्रमांक लिहायचे होते. जात्यावरच्या ओव्या ‘पहिली माझी ओवी’, ‘दुसरी माझी ओवी’ अशा मोजत जातात. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्याखेड्यांतून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्यांच्या संग्रहातली काही ध्वनिमुद्रणं मी काम करताना ऐकत होते. म्हणून झाकणात आकडे घातले नाहीत, हाताने लिहिलं: पहिली, दुसरी, तिसरी, बारावीपर्यंत. स्क्रू काढल्याशिवाय ते दिसत नाही. दोघांनी काढून बघितलं आणि फोटो पाठवले.

सहा महिन्यांनी मित्राने आठ पेडल परत मागवून तपासली. फरशीचा भाग घासलेला, पण कोटिंग शाबूत. आकाशावर बारीक ओरखडे, ते लिनोत मिसळून गेलेत. ‘बारीक’ हा शब्द तिघांच्या पेडलवर पुसट झाला होता, कारण टॉगल बदलताना अंगठ्याचं नख रोज तिथेच घासतं. एकाने ज्वारीचा दाणा म्हणजे बाहेरची बाजू समजून वायरी उलट लावल्या होत्या आणि पेडल बिघडलं म्हणून फोन केला होता. दुसऱ्या खेपेला दाण्यापाशी आत जाणारा बाण येईल, आणि टॉगलचे शब्द वरच्या बाजूला जातील, नखाच्या वाटेतून बाहेर.

कलंडलेल्या जात्याचे दोन डबे आमच्याकडेच आहेत. एकात माझ्या पेन्सिली असतात. दुसरा काकूंनी नेला, त्यात त्या सुट्टी नाणी ठेवतात, आणि तो कपाटावर असतो, जमिनीवर नाही.